साखरेचा रेणू आणि शंभर वर्षांचे गणित

१/ पाणी मुळीच न ढवळता तळाशी साखर ठेवली, तर तिच्या रेणूला केवळ स्वतःच्या हालचालीने एक सेंटिमीटर सरकण्यास साधारण एक दिवस लागतो. या संथ चालीचे माप म्हणजे विसरण गुणांक. तो प्रत्यक्ष न मोजता कागदावर काढता यावा, यासाठी शतकभर प्रयत्न झाले.

२/ १८५५. झुरिचमधील ऐन पंचविशीतला शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडोल्फ फिक याने फूर्येच्या उष्णतावहनाच्या धर्तीवर विसरणाचा नियम मांडला आणि मिठाच्या द्रावणावर तो पडताळला. नियम मिळाला, गुणांक मात्र दर द्राव्यासाठी, दर द्रावकासाठी नव्याने मोजणे भाग होते.

३/ १९०५. आइन्स्टाइनने आपल्या प्रबंधात आणि मेलबर्नमध्ये विल्यम सदरलंडने स्वतंत्रपणे एकच नाते शोधले: तापमान वाढले की गुणांक वाढतो, द्रवाची श्यानता किंवा कणाची त्रिज्या वाढली की घटतो. सदरलंडचे नाव पुढे मागे पडले.

४/ पण हे सूत्र मोठ्या, गोल कणांचे. द्राव्याचा रेणू द्रावकाच्या रेणूएवढाच लहान असेल, तर ते चुकू लागते.

५/ १९५५. चार्ल्स विल्की आणि पिन चँग यांनी उपलब्ध मोजमापांवरून व्यवहारी सूत्र बसवले. त्यात द्राव्याचे आकारमान रेणूतील अणूंच्या बेरजेने काढता येते. पाणी, मिथेनॉल यांचे रेणू एकमेकांना धरून राहतात, म्हणून एक ‘साहचर्य गुणक’ घातला: पाण्यासाठी २.६, मिथेनॉलसाठी १.९, इथेनॉलसाठी १.५. हे आकडे सिद्धांतातून आलेले नव्हते. मोजमापांशी जुळतील असे निवडलेले होते.

६/ १९५६. व्हॅन डीम्टर आणि सहकाऱ्यांनी क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभात पट्टे का पसरतात, हे समीकरणात मांडले. प्रवाह फार संथ असेल तर रेणू स्तंभाच्या लांबीत विसरतात; फार वेगवान असेल तर भरणातील कणांत त्यांची ये-जा मागे पडते. या दोहोंमधला योग्य वेग विसरण गुणांकावर ठरतो.

७/ म्हणूनच औषधातील अशुद्धी वेगळी करणारा रसायनज्ञ आजही विल्की-चँग सूत्राकडे वळतो. साधारण १० टक्क्यांची चूक तो गृहीत धरतो. मिथेनॉल-पाण्याचे मिश्रण दोन्ही घटकांहून अधिक श्यान असते, हेही ध्यानात ठेवतो. सिद्धांत जिथे थांबला, तिथून पुढचे काम त्या निवडलेल्या २.६ ने केले.