आठव्या डावातला एक चेंडू

२२ ऑगस्ट २००७ या दिवशी जपानमधल्या निशिनोमिया शहरातल्या कोशिएन मैदानावर शालेय बेसबॉलच्या उन्हाळी राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता. एका बाजूला हिरोशिमाची कोर्यो ही जुनी खाजगी शाळा, दुसऱ्या बाजूला सागा किता ही क्यूशू बेटावरची साधी सरकारी शाळा. नऊ डावांपैकी सात संपले तेव्हा कोर्यो ४-० असा पुढे होता. त्यांचा पिचर नोमुरा युसुके याने तोवर सागाला एकच हिट मिळू दिली होती. आठव्या डावात एक गडी बाद असताना सागाचे खेळाडू तिन्ही बेसवर उभे राहिले. समोरच्या बॅटरला तीन बॉल पडलेले होते. नोमुराने चेंडू टाकला. तो गुडघ्याच्या उंचीला, अगदी सीमारेषेवर आला. कॅचर कोबायाशी सेइजीने तो झेलून मिट जागच्या जागी स्थिर धरला. पंचांचा हात वर गेला नाही. बॉल.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. बॅटरने न मारलेला चेंडू होम प्लेटवरून, त्याच्या गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली गेला तर तो स्ट्राइक, नाहीतर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की तो फुकटात पहिल्या बेसवर. तिन्ही बेस भरलेले असतील तर प्रत्येक जण एक घर पुढे सरकतो आणि शेवटचा माणूस घरी येतो, म्हणजे एक धाव. ही चौकट मैदानावर कुठेही आखलेली नसते. ती हवेत असते आणि ती पाहण्याचा अधिकार कॅचरच्या मागे वाकून उभ्या असलेल्या एकाच माणसाला असतो. क्रिकेटमधल्या पायचितीसारखेच हे, फक्त एका सामन्यात दोन-अडीचशे वेळा.

बॉल जाहीर झाल्यावर कोबायाशीने मिट जमिनीवर आपटला. नोमुराच्या चेहऱ्यावर कसनुसे हसू आले. गुणफलक ४-१ झाला. पुढचा बॅटर सोएजिमा हिरोशी. नोमुराचा स्लायडर त्याने डावीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला. तिन्ही बेसवरचे आणि तो स्वतः मिळून चार धावा झाल्या. ५-४. नवव्या डावात कोर्योला काही करता आले नाही.

या प्रसंगाचे चित्रण मी किती वेळा पाहिले त्याची गणती ठेवलेली नाही. माझ्या मते तो स्ट्राइक होता. पण दूरचित्रवाणीचा कॅमेरा पिचरच्या मागून, किंचित तिरका आणि उंचावरून पाहतो. खालच्या चेंडूबाबत तो सहज फसवतो. शिवाय त्या एका निर्णयाने सामना ‘ठरला’ असे म्हणणेही तितकेसे खरे नाही. बॉल दिल्यावरही कोर्यो तीन धावांनी पुढेच होता. स्ट्राइक दिला असता तर पुढे काय झाले असते, हे ना नोमुराला सांगता येईल ना मला. मग हा चेंडू आजही जपानमध्ये का आठवला जातो? मला वाटते, त्याचे कारण चेंडूपेक्षा सामन्यानंतरच्या घटनेत आहे.

सामना संपल्यावर कोर्योचे प्रशिक्षक नाकाई तेत्सुयुकी पत्रकारांसमोर बोलले, आणि चक्क पंचांविरुद्ध बोलले. तो चेंडू स्ट्राइक होता, मुलांवर अन्याय झाला, हे बोलल्याबद्दल पद सोडावे लागले तरी हरकत नाही, असा त्यांचा सूर होता. व्यावसायिक बेसबॉलमध्ये असे रोज घडते. अमेरिकेत तर प्रशिक्षक पंचाच्या नाकाला नाक लावून ओरडतात आणि प्रेक्षक त्याचीही मजा घेतात. कोशिएनवर मात्र हे अघटित होते. शालेय बेसबॉल महासंघाने नाकाईंना ताकीद दिली. निर्णयाबद्दल कोणाला काही विचारण्याचा प्रश्नच आला नाही.

हे अघटित का होते, हे समजायला थोडे मागे जावे लागते. जपानमध्ये बेसबॉल नेला १८७२ साली होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने, म्हणजे तो खेळ तिथे शाळेतूनच शिरला. चाळीसेक वर्षांत त्याचे इतके वेड पसरले की १९११ साली तोक्योच्या ‘आसाही’ वृत्तपत्राने बेसबॉलच्या विषारी परिणामांवर लेखमालाच चालवली. ‘बुशिदो’ ग्रंथाचे लेखक नितोबे इनाझो यांनी त्यात या खेळाची संभावना पाकीटमाराचा खेळ अशी केली होती: प्रतिस्पर्ध्याला फसवायचे, गाफील गाठायचे आणि बेस चोरायचा! गंमत अशी की चारच वर्षांनी, १९१५ मध्ये, त्याच आसाहीच्या ओसाका कार्यालयाने शालेय बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. चार वर्षांपूर्वी ज्याला विष म्हटले ते औषध म्हणून विकायचे तर वेष्टन बदलावेच लागते. तो खेळ राहिला नाही, शिक्षण झाला. सामन्याआधी आणि नंतर दोन्ही संघ समोरासमोर रांगेत उभे राहून वाकून नमस्कार करतात. सुरुवातीला आणि शेवटी भोंगा वाजतो. हरलेली मुले मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. यातल्या सगळ्याच प्रथा १९१५ च्या नाहीत, पण मुशीत ओतला गेला तो हाच साचा.

कोशिएन मैदान बांधून झाले १ ऑगस्ट १९२४ रोजी. आपल्या प्रभवादी साठ संवत्सरांसारखे पूर्व आशियातही साठ वर्षांचे चक्र आहे. त्यातले पहिले वर्ष ते ‘कोशी’, आणि १९२४ हे तसे वर्ष होते, म्हणून नाव कोशिएन. युद्धकाळात स्पर्धा खंडित झाली. १९४२ मध्ये सरकारने स्वतःच तिथे एक स्पर्धा भरवली, तेव्हा चेंडू अंगावर आला तरी बॅटरने तो चुकवायचा नाही असा दंडक होता. पुढच्या वर्षी व्यावसायिक बेसबॉलमधून इंग्रजी शब्द हद्दपार झाले. पंच ‘स्ट्राइक’ऐवजी ‘योशी’ म्हणू लागले आणि ‘बॉल’ऐवजी ‘दामे’. योशी म्हणजे ठीक, छान. दामे म्हणजे चालणार नाही. युद्ध संपले, इंग्रजी शब्द परत आले. पण पंच निर्णयाबरोबर चांगल्या-वाइटाचाही निकाल देतो, ही भावना कोशिएनवर मला आजही दिसते. जपानी भाषेत पंचाला ‘शिनपान’ म्हणतात, आणि ख्रिस्ती धर्मातल्या कयामतीच्या न्यायनिवाड्यालाही तोच शब्द आहे. आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर. पण त्यासाठी निदान पाच मुखे तरी लागतात.

स्ट्राइक-बॉलच्या निर्णयावर हरकत घेता येत नाही, हा बेसबॉलचा जुना नियम आहे. शालेय स्पर्धेत त्यावर आणखी एक पदर आहे. इथे प्रशिक्षकाला मैदानात पाऊल टाकता येत नाही. पंचांना काही विचारायचे असेल तर ते कर्णधाराने किंवा ज्याच्याबाबत निर्णय झाला त्या खेळाडूने विचारायचे, नाहीतर राखीव खेळाडूला निरोप्या म्हणून धाडायचे. म्हणजे मोठ्या माणसाचा प्रश्न सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून जातो. दुसरीकडे पंचही व्यावसायिक नसतात. ते कुठे ना कुठे नोकरी-धंदा करणारे लोक. खेळावरच्या प्रेमापोटी, जवळजवळ बिनपगारी, ऑगस्टच्या उन्हात उभे राहतात. त्यांच्या बाजूने विचार केला तर हरकत नको हा नियम मला पूर्ण अन्यायाचा वाटत नाही. त्यांना ना मानधन, ना यंत्राची मदत. निर्णयाचा मान तेवढा त्यांच्या पदरी आहे, तोही काढून घेतला तर उभे कोण राहणार?

याची दुसरी बाजू दिसते ती १९९८ च्या सामन्यात. १६ ऑगस्टला यामागुची प्रांतातली उबे ही वाणिज्य शाळा आणि आइची प्रांतातली तोयोता ओतानी यांचा सामना २-२ अशा बरोबरीत पंधराव्या डावात पोचला. उबेचा पिचर शाळेच्या दुसऱ्या वर्षातला, म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा. सुरुवातीपासून तोच टाकत होता. तिन्ही बेस भरलेले, एकही गडी बाद नाही. आपला २११ वा चेंडू टाकण्याच्या तयारीत त्याने हालचाल सुरू केली आणि मध्येच थांबून हात खाली आणला. बेसवर खेळाडू असताना असे करणे म्हणजे ‘बॉक’. शिक्षा म्हणून सगळे धावपटू एक घर पुढे. पंचांनी बॉक पुकारला, तिसऱ्या बेसवरचा खेळाडू चालत घरी आला आणि सामना संपला. या स्पर्धेच्या इतिहासात बॉकवर सामना संपण्याची ती पहिलीच वेळ.

निर्णय नियमाप्रमाणे बिनचूक होता, तरी टीकेचा भडिमार झाला तो पंचावरच. पोराचा जीव थकलेला, तीन तासांहून अधिक खेळ झालेला, तिथे नियमावर बोट ठेवायलाच हवे होते का, असे लोकांचे म्हणणे. खेळ संपल्यावर त्या मुलाने हातातला चेंडू पंचांना देऊ केला. प्रथेप्रमाणे तो जिंकणाऱ्या संघाला जायचा. पंचांनी तो घेतला नाही. तुझ्याकडेच ठेव आणि पुढच्या वर्षी पुन्हा इथे ये, अशा अर्थाचे काहीतरी त्याला सांगितले.

ही दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की एक विसंगती डोळ्यांत खुपते. १९९८ मध्ये बरोबर निर्णयावर सर्वांनी टीका केली, आणि ती चालून गेली, कारण टीका करणारे बाहेरचे होते. २००७ मध्ये शंकास्पद निर्णयावर एकच माणूस बोलला आणि त्याला ताकीद मिळाली, कारण तो आतला होता. वाद निर्णयाच्या खरेखोटेपणाचा नव्हताच. बोलायचे कोणी, याचा होता.

आणखी एक गोष्ट वाऱ्याच्या दिशेची. २००७ च्या वसंतात जपानमध्ये असे उघड झाले होते की तीनशेहून अधिक शाळा बेसबॉलपटूंना शुल्कमाफी देऊन गोळा करत होत्या, आणि विद्यार्थी बेसबॉलच्या सनदेत तर त्याला मनाई होती. त्या उन्हाळ्यात गावातल्याच मुलांना घेऊन खेळणारी सरकारी शाळा अंतिम फेरीत पोचली, तीही दुसऱ्या फेरीत पंधरा डावांची बरोबरी करून, दुसऱ्या दिवशी नव्हे तर फेरसामना जिंकून. ती बरोबरी योगायोगाने उबेशीच झाली होती. आठव्या डावात सागाचे खेळाडू बेसवर येऊ लागले तसे सगळे मैदान तालात टाळ्या वाजवू लागले. पंचाच्या कानांवर त्या टाळ्यांचे दडपण आले का? असा आरोप झाला. मला तो सिद्ध करता येणार नाही, म्हणून मी तो करत नाही. पण कोर्योच्या मुलांना त्या टाळ्या ऐकू आल्याच असतील.

कोर्योच्या हरण्यानंतर पाच महिन्यांच्या आत, जानेवारी २००८ मध्ये, सिडनीची कसोटी झाली. सायमंड्सचा झेल नाकारला गेला, द्रविडला बाद दिले गेले. आपल्यापैकी अनेकांचा संताप आजही ताजा असेल. मुंबईत कार्यालय असलेल्या आपल्या मंडळाने आवाज चढवला आणि पंच स्टीव्ह बकनर यांना पर्थच्या कसोटीतून बाजूला करण्यात आले. त्याच वर्षी जुलैत, भारताच्या श्रीलंका दौऱ्यात, निर्णयांच्या फेरतपासणीची पद्धत प्रथम वापरून पाहिली गेली. आमच्या आळीत ज्याची बॅट तोच पंच असायचा; मोठेपणीही फार काही बदलत नाही. हिरोशिमाच्या प्रशिक्षकाकडे बॅट नव्हती.

नाकाईंना मी नायक करायला निघालो होतो, हे कबूल करतो. या लेखाच्या पहिल्या टिपणांत ते तसेच होते: मुलांसाठी पद पणाला लावणारा गुरुजी. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोर्यो पुन्हा बातम्यांत आली. वसतिगृहात मोठ्या विद्यार्थ्यांनी धाकट्या खेळाडूला केलेल्या मारहाणीच्या प्रकरणावरून गदारोळ झाला. पहिली फेरी जिंकलेली असताना शाळेने स्पर्धेतून माघार घेतली आणि नाकाई प्रशिक्षकपदावरून गेले. वरच्यापुढे बोलता येत नाही याची खंत ज्याने जाहीर मांडली, त्याच्याच छपराखाली खालच्याचा आवाज कुठवर पोचत होता, हा प्रश्न आता टाळता येत नाही. २००७ चे त्यांचे बोलणे त्यामुळे खोटे ठरत नाही. मी ती टिपणे मात्र पुन्हा लिहिली.

कोर्योने वसंतातली राष्ट्रीय स्पर्धा तीनदा जिंकली आहे. उन्हाळ्यातली कधीच नाही. १९२७, १९६७, २००७ आणि २०१७ अशी चार उपविजेतेपदे तिच्या नावावर आहेत. कोबायाशी पुढे योमिउरी जायंट्सचा कॅचर झाला आणि २०१७ च्या जागतिक स्पर्धेत जपानकडून खेळला. नोमुरा मेइजी विद्यापीठातून हिरोशिमा कार्पमध्ये गेला. २०१२ मध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला. २०१६ मध्ये त्याने १६ सामने जिंकले, आणि त्या वर्षी कार्पने पंचवीस वर्षांनी लीगचे विजेतेपद मिळवले. २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. ज्या चेंडूवर सोएजिमाने होमरन मारला तो त्याचा स्लायडर होता, आणि त्या चेंडूबद्दल पंचांना कोणी काही विचारण्यासारखे नव्हते.