उलटे आटे

आमच्या देवघराच्या खुंटीवर मागच्या वर्षी सहा महिने एक किल्ली टांगलेली होती. ती तिथे मी टांगली होती, आणि त्या कृत्याची मला आज लाज वाटते.

किल्ली आमच्या जीपची. ही जीप 1943 सालची, विलीज कंपनीची, स्टेअरिंग डाव्या हाताला असलेली. लढाई संपल्यावर सैन्याच्या ज्या गाड्या आपल्याकडे मोडीच्या भावाने विकल्या गेल्या, त्यांतली ती एक. कोयनेकडच्या एका ठेकेदाराकडून 1978 साली ती अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, आली. पाटणच्या बाजाराला, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला, पालखीच्या दिवशी गावभर मिरवायला तिच्यावाचून आमच्या वाडीचे चालत नसे. मागच्या वर्षी कुंभार्ली घाटात एका खड्ड्यावरून जाताना पुढची चाके एकाएकी थडथडू लागली आणि गाडी दरीच्या कठड्याकडे ओढली गेली. अण्णांनी ती कशीबशी थांबवली. त्यांचे वय शहात्तर. घरी आल्यावर मी म्हणालो, "अण्णा, आता पुरे. तुमचा हात राहिला नाही."

ते एवढेच म्हणाले, "हात आहे रे. गाडी ऐकत नाही."

मला ते म्हातारपणाचे हट्टी बोलणे वाटले. मी किल्ली काढून घेतली.

मी शाळेत इतिहास शिकवतो. दोष कोणाचा नि श्रेय कोणाचे, हे ठरवताना घाई करू नये, असे मुलांना दरवर्षी सांगतो. या जीपचा जन्मच त्याचे चांगले उदाहरण आहे, म्हणून तो आधी सांगतो.

1940 सालच्या जुलैत अमेरिकेच्या सैन्याने 135 कारखानदारांना पत्रे धाडली. चारही चाकांना जोर असलेली, हलकी, टेहळणीची गाडी हवी होती, आणि नमुना 49 दिवसांत हवा होता. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या डबघाईला आलेल्या छोट्या कारखान्याने ते आव्हान उचलले. कार्ल प्रोब्स्ट नावाच्या अभियंत्याने दोन-चार दिवसांत आराखडे काढले. 23 सप्टेंबरला, मुदत संपायला जेमतेम अर्धा तास उरला असताना, त्याने गाडी स्वतः चालवत बाल्टिमोरजवळच्या हॉलाबर्ड छावणीत आणून उभी केली.

पुढे काय झाले? बँटमचा कारखाना लहान, एवढ्या गाड्या तो पुरवणार कसा, या शंकेने सैन्याने तेच आराखडे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांना दाखवले. विलीजचे 60 अश्वशक्तीचे इंजिन सर्वांत दमदार ठरले. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सव्वासहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारसुद्धा आल्या नाहीत. त्यातून विलीजने जाहिराती केल्या की जीप आम्हीच घडवली. अखेर 1948 साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने असा दावा करण्यास मनाई केली. पण तोवर बँटमचा मोटारीचा धंदा कधीच बंद पडला होता.

आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने विलीजच्या सुट्ट्या भागांच्या पेट्या आणवल्या, पुढे मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली, आणि जीप या मातीचीच झाली. म्हणून आजही तिचे पाटे, बुश आणि बेअरिंगे मागवली तर मिळतात.

आता त्या थडथडीकडे वळतो. सहा महिन्यांनी, शेतातली पोती आणायला दुसरी सोय नव्हती म्हणून, मी स्वतः जीप काढली. उताराला खड्डा लागला, आणि चाके तशीच थडथडली. गाडी तशीच डावीकडे ओढली गेली. माझे हात तर चाळिशीतले होते.

मी गाडी आमच्या गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पुढचा भाग जॅकवर उचलला, खाली घोड्या लावल्या, आणि टायर वरून-खालून धरून हलवायला सांगितले. चाक खुळखुळले. मग मला आत बसवून ब्रेक दाबून धरायला लावला. "ब्रेक दाबल्यावर खुळखुळ गेली तर चाकाचे बेअरिंग, राहिली तर किंग पिन," ते म्हणाले. खुळखुळ राहिली.

इंजिनाचे शास्त्र मला मॅट्रिकच्या पलीकडे ठाऊक नाही, पण त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. जीपचा पुढचा आस अखंड असतो. त्याच्या दोन टोकांना वर-खाली एकेक किंग पिन, आणि त्यांच्याभोवती निमुळत्या रुळांची बेअरिंगे. त्यांवर चाक वळते. आमची बेअरिंगे गंजून त्यांना खळगे पडले होते. आस ज्या पाट्यांना आवळलेला असतो, ते पाटे मागच्या टोकाला पक्के आणि पुढच्या टोकाला शॅकलमध्ये झुलते असतात. दगड लागला की पाटा सपाट होऊन लांबतो, आणि त्या लांबीला जागा देणे हे शॅकलचे काम. या शॅकलला आटे असतात व ते आट्यांच्या बुशांत फिरतात. गाडीला असे आठ बुश. त्यांतले सहा सुलटे आणि दोन उलट्या आट्यांचे. पुढचा उलटा आटा डाव्या पाट्याच्या डोळ्यात.

मिस्त्रींनी तो बुश काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मागे कोणा कारागिराने उलट्या शॅकलवर सुलटा बुश पान्याने जबरदस्तीने चढवला होता. आटे चिरडून गेले होते. आस डाव्या अंगाला सरकत होता, म्हणून गाडी डावीकडे ओढत होती. कोणाच्या हाताचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

तीन दिवस काम चालले. नवे शॅकल, नवे बुश, चारी बेअरिंगे. किंग पिनच्या टोप्यांखालच्या पातळ पत्र्यांच्या शिमा वर-खाली सारख्या काढत-घालत बेअरिंग नेमके आवळले, इतके की चाक खुळखुळू नये आणि जडही फिरू नये. सगळ्या निपलांतून ग्रीस भरले. मी पाने पुसून देत होतो, आणि मनात सारखे तेच वाक्य घोळत होते : हात आहे रे, गाडी ऐकत नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळी मी खुंटीवरची किल्ली काढली आणि अण्णांपुढे धरली. चिरडलेला बुशही शेजारी ठेवला. काय बोलावे सुचेना. "अण्णा, माझे चुकले," एवढेच म्हणालो.

त्यांनी बुश उचलला, उजेडाकडे धरून अंगठ्याने आटे चाचपले. मग माझ्या काळ्या, ग्रीसने माखलेल्या बोटांकडे पाहिले.

"आधी हात धुऊन ये," ते म्हणाले, "मग बस शेजारी. देवळापर्यंत जाऊन येऊ."