दुधाचा गौरव नको, दुधाचा हिशेब हवा

"आईचं दूध प्याला असशील तर समोर ये." हे आव्हान आपण लहानपणापासून ऐकतो. सिनेमात ऐकतो, गावच्या भांडणात ऐकतो. पण ज्या लेकराच्या आईचं दूध दुसऱ्याच कुणाच्या लेकराने प्यालं, त्याने काय उत्तर द्यायचं? या प्रश्नाचा इतिहास कुणी लिहीत नाही.

हा प्रश्न मला डहाणूच्या एका पाड्यावर पडला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जगभर स्तनपान सप्ताह असतो. त्या वेळी लावलेलं 'आईचं दूध म्हणजे अमृत' हे पोस्टर अंगणवाडीच्या भिंतीवर दिवाळीनंतरही तसंच होतं. समोर वीटभट्टीवर जाणारा टेम्पो उभा होता. त्यात भांडी, कोंबड्या, चटया आणि दोन महिन्यांचं बाळ मांडीवर घेतलेली एक वारली बाई. पोस्टर तिला सांगत होतं, बाळाला पाज. केव्हा पाज, काय खाऊन पाज, हे मात्र कुणीच सांगत नव्हतं.

आईपणाचा गौरव आणि आईची लूट नेहमी हातात हात घालून चालतात. त्याचं सगळ्यात उघडं उदाहरण व्हिक्टोरिया राणीच्या काळात सापडतं. १८३७ ते १९०१ या तिच्या राजवटीत इंग्लंडमध्ये 'घरची देवी' म्हणून आईची आरती ओवाळली जात होती. पण खुद्द राणीने आपल्या नऊ मुलांसाठी दूधदाया ठेवल्या. बड्या घरांत दूधदाई ठेवणं ही जुनी रीत होती. त्या दाया यायच्या कुठून? बहुतेक गरीब वस्तीतून, आणि अनेकदा लग्नाआधी आई झालेल्या, समाजाने टाकलेल्या मुलींमधून. अशा मुलीचं दूध चालेल का, तिचं 'चारित्र्य' दुधातून आपल्या बाळात उतरेल का, यावर तिथले डॉक्टर वैद्यकीय नियतकालिकांतून वाद घालत होते. तिच्या स्वतःच्या बाळाचं काय होईल, हा प्रश्न त्या वादात दुय्यम होता.

जॉर्ज मूर यांची 'एस्थर वॉटर्स' ही कादंबरी १८९४ साली आली. मोलकरीण असलेली एस्थर आई होते, पोटासाठी श्रीमंत घरी दूधदाई म्हणून राहते आणि स्वतःचं बाळ पैसे देऊन एका बाईकडे ठेवते. पुढे तिला कळतं, आपल्या आधी या घरात राहिलेल्या दोन दायांची बाळं दगावली आहेत. एका जिवासाठी दुसरा जीव द्यायचा, असा हा सौदा आहे हे ती मालकिणीला तोंडावर सांगते, नोकरी सोडते आणि बाळ उचलून रस्त्यावर येते. कादंबरी कल्पित आहे, सौदा कल्पित नव्हता. पैसे घेऊन बाळं सांभाळणाऱ्या आणि त्यांना मरू देणाऱ्या मार्गारेट वॉटर्स नावाच्या बाईला १८७० साली लंडनमध्ये फाशी झाली, आणि १८७२ साली तिथे अर्भकांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला.

तीच राजवट आपल्याकडेही होती. इथल्या साहेबांच्या बंगल्यांत एतद्देशीय दाया मेमसाहेबांच्या मुलांना पाजत होत्या. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी १८८८ साली हिंदुस्थानात संसार करणाऱ्या इंग्रज बायकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. काळ्या बाईच्या दुधाने गोऱ्या बाळाचा स्वभाव बिघडेल, या भीतीची त्यात त्यांनी खिल्ली उडवली आहे. जनावराच्या दुधाने बिघडत नाही, मग बाईच्याच दुधाने कसा बिघडतो, असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड आहे. चवदार तळ्याचं पाणी जनावरांना चालत होतं आणि माणसांना नाकारलं जात होतं, हे ज्यांनी भोगलं त्यांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण गोऱ्यांच्या वर्णद्वेषावर बोलताना आपल्याकडचं झाकून ठेवता येणार नाही. बाळाला दूध पाजणारी धात्री कशी निवडावी याचे नियम चरकसंहितेच्या शारीरस्थानात आहेत. तिचं वय, तब्येत, वागणूक ही यादी आहेच, पण यादीच्या सुरुवातीलाच अट आहे ती समान वर्णाची. म्हणजे दुधालाही जात चिकटवली ती आपल्या शास्त्राने, इंग्रज यायच्या कित्येक शतकं आधी. महाश्वेता देवींच्या 'स्तनदायिनी' या बंगाली कथेतली जशोदा मालकाच्या घरची मुलं पाजत राहते आणि शेवटी स्तनाच्या कर्करोगाने एकटी मरते. ती ब्राह्मण आहे. म्हणूनच त्या घरात तिचं दूध चालतं. जात वरची असूनही बाई म्हणून आणि गरीब म्हणून ती वापरली जाते, हे त्या कथेचं सत्य आपणही मान्य केलं पाहिजे.

मग जिचं दूध जातीमुळे चालत नव्हतं, तिची लूट झाली नाही असं समजायचं का? इथेच आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या आणि नाटकं कमी पडतात. त्यांत दाई येते ती स्वामिनिष्ठेची मूर्ती म्हणून. राजपुत्राला वाचवण्यासाठी स्वतःचं मूल मृत्यूच्या तोंडी देणारी मेवाडची पन्ना दाई आपण डोळे पुसत वाचतो. शंभूराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांना आपण मानाने आठवतो आणि आठवलंच पाहिजे. पण या सगळ्या कथांमध्ये आईला नाव मिळतं ते राजाचं मूल पाजलं म्हणून. जी बाई फक्त स्वतःचंच मूल पाजत होती, किंवा तेही पाजू शकली नाही, तिला इतिहासात जागा नाही.

ती जागा एका मुलीने मागितली होती. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मातंग समाजातल्या मुक्ता साळवे यांचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडीपावसात त्या हाल सोसतात, हे त्या चिमुरडीने लिहून ठेवलं. राणीच्याच काळातलं हे आईपणाचं वर्णन आहे, पण ते 'व्हिक्टोरियन मातृत्व' या विषयात कुणी शिकवत नाही. पुढे १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीमाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. एस्थरसारख्याच टाकलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणं तिथे झाली. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. शास्त्राने शूद्र ठरवलेल्या घराने वर्णाची अट न घालता आई होऊन दाखवलं.

आता डहाणू-तलासरीकडे येऊ. राणीच्याच राजवटीत १८६० च्या दशकात इथून रेल्वे गेली, १८७८ चा वनकायदा आला. जंगल सरकारचं आणि जमीन सावकार-जमीनदारांची झाली. वारली उरला वेठीला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही मालकाकडे राबायचे, त्यांना 'लग्नगडी' म्हणत. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ च्या सरकारी अहवालात या गुलामीची नोंद केली. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती पानोपानी आहे.

लग्नगड्याची बायको ओली बाळंतीण असली तरी तिचा दिवस मालकाचा होता. दूध काही आपोआप येत नाही. त्याला आईच्या पोटात अन्न लागतं आणि बाळाजवळ बसायला वेळ लागतो. मालकाने तिचं अन्न आणि वेळ दोन्ही घेतलं. बंगल्यावरच्या दाईचं दूध थेट घेतलं गेलं, हिचं आटवलं गेलं. दोन्हीकडे उपाशी राहिलं ते तिचंच लेकरू. म्हणून २३ मे १९४५ ला तलासरीतल्या झरी गावी वेठ आणि लग्नगडी मोडून काढण्याचा निर्धार झाला, त्याकडे मी आईपणाच्या इतिहासातला दिवस म्हणूनही बघते.

बाबासाहेबांनी हा हिशेब कायद्याच्या भाषेत मांडला. २८ जुलै १९२८ ला मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितलं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. बाईला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा आहे, म्हणून त्यालाही जबाबदारी झटकता येणार नाही. त्यांनी आईची आरती केली नाही, तिच्या विश्रांतीचे पैसे कुणी द्यायचे ते विचारलं. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला, पण तो कारखान्यांपुरता. १९६१ च्या कायद्याने तर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामावर रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुटी ठरवून दिली.

वीटभट्टीवर, चिकूच्या वाडीत, ठेकेदाराच्या टेम्पोतून उंबरगावला जाणाऱ्या बायकांपैकी किती जणींना या दोन सुट्या ठाऊक आहेत? प्रसूती लाभासाठी वर्षात ८० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. ज्या बाईचं नावच हजेरीपटावर नाही, ती पुरावा कुठून आणणार? अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे, चांगलीही आहे. पण आई भिवंडी-वसईच्या भट्टीवर गेली की जेवण अंगणवाडीतच राहतं.

१९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात मातृदुग्ध पेढी सुरू झाली. तिथे आई स्वखुशीने, पैसे न घेता दूध देते आणि ते गरजू बाळाला मिळतं. दूध वाटून घेण्याला आपला विरोध नाही. विरोध आहे तो हिसकावण्याला आणि आटवण्याला.

सिद्धार्थाची आई महामाया गेल्यावर मावशी महाप्रजापती गौतमीने त्याला आपलं दूध पाजलं. पुढे तिने संघात प्रवेश मागितला तेव्हा तो नाकारला गेला. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आनंदाने तिची बाजू मांडली आहे. स्त्रीही अर्हत होऊ शकते हे त्याने तथागतांकडून वदवून घेतलं आणि मग आठवण दिली, हिनेच तुम्हाला दूध पाजलं आहे. भिक्षुणीसंघाचं दार उघडलं. आनंदाने गौतमीच्या दुधाची स्तुती करून तिला माघारी पाठवलं नाही. त्याने त्या दुधाचा हक्क मागितला.

येत्या हंगामात टेम्पो निघण्याआधी आपल्या पाड्यावरच्या स्तनदा मातांची यादी करा. त्या कुठे जाणार, ठेकेदार कोण, हे ग्रामपंचायतीत आणि अंगणवाडीत नोंदवा. भट्टीजवळच्या अंगणवाडीत त्यांचं जेवण मागा. दोन सुट्या मागा. पोस्टर भिंतीवर राहू द्या, पण हिशेबाची वही आपल्या हातात ठेवा.

जयभीम.