नवाबांचे रान, गुरुवारची सुट्टी

आमच्या पिंपरी-भोसरीच्या कारखानदारी पट्ट्यात रविवारचे कौतुक थोडे कमीच. विजेचा भार विभागला जावा म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळ्या वारी सुट्टी देण्याची पद्धत पडली आणि इथल्या पुष्कळ कारखान्यांच्या वाट्याला गुरुवार आला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका बुधवारी दुसरी पाळी सुटल्यावर, हाताचा ऑइलचा वास पुरता गेलेला नसताना, आम्ही दहा-बाराजण भाड्याच्या जीपमध्ये कोंबून बसलो. बोरघाट उतरलो, पेण, अलिबाग मागे टाकले आणि उजाडता उजाडता मुरूडच्या वाटेला लागलो. बीड, लातूर, सोलापूरकडून पोटासाठी आलेल्या आमच्यातल्या निम्म्याजणांनी त्या दिवशी पहिल्यांदा समुद्र पाहिला. बराच वेळ कोणी बोललेच नाही.

काशीदहून मुरूडकडे जाताना उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला दाट झाडीचे डोंगर दिसतात. किनाऱ्याला इतके लागून एवढे रान शिल्लक राहिले कसे, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. उत्तर पुढे इतिहासात सापडले.

मुरूड हे जंजिरा संस्थानचे ठाणे. 'जझीरा' म्हणजे बेट. या अरबी शब्दाला मराठीने आपल्या वळणाचे करून घेतले आणि पाण्यातल्या किल्ल्याला आपण जंजिरा म्हणू लागलो. तिथे सत्ता होती आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींची. शिवाजी महाराजांनी समोरच पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनीही जंजिऱ्याला वेढा घातला. पण किल्ला हाती आला नाही. शाळेच्या पुस्तकातला सिद्दी बहुधा इथेच संपतो. प्रत्यक्षात त्यांचे संस्थान १९४८पर्यंत टिकले. तोफांचे दिवस सरले, नवाबांनी मुरूडच्या टेकडीवर राजवाडा बांधला आणि जवळचे फणसाडचे जंगल शिकारीसाठी राखून ठेवले.

शिकार हा राज्यकर्त्यांचा खेळ. त्यात गिरणीतल्या किंवा शेतातल्या माणसाला जागा असलीच तर हाकाऱ्याची. म्हणजे जे रान आज आपण मोकळेपणाने पाहतो, ते मुळात आपल्यासाठी राखलेले नव्हते. जनावर मारता यावे म्हणून जंगल जपले गेले आणि त्या जपण्यामुळेच जनावर वाचले, असा हा उलटा न्याय आहे. मला तो अजूनही पुरता पचत नाही. पण झाडे उभी आहेत हेही खरे.

संस्थान विलीन झाल्यावर हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात आला. १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. १९८६मध्ये फणसाडला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे ७० चौरस किलोमीटर. बिबट्या, सांबर, भेकर, झाडांच्या शेंड्यांवरून उड्या घेणारा शेकरू, हातभर लांब शेंगांची गारंबीची वेल, असे बरेच काही तिथे आहे. रानातल्या पाणवठ्यांना तिथले लोक 'गाण' म्हणतात. चिखलगाण, फणसाडची गाण अशी त्यांची नावे. मी कविता लिहिणारा माणूस. पाण्याच्या जागेला हे नाव ऐकले आणि खिशातल्या पासाच्या पाठीवर लगेच लिहून घेतले.

आता नवाब नाहीत आणि त्यांचा पहाराही नाही. वन खात्याचे मोजके रक्षक आणि आपली समज, एवढ्यावर हे रान उभे आहे. समज मात्र आपण पुष्कळदा टोलनाक्यावरच ठेवून येतो. पाणवठ्याजवळ गाण्यांचा दणदणाट, किनाऱ्यावर बाटल्यांच्या काचा आणि भरती-ओहोटीची चौकशी न करता पाण्यात उडी.

त्या गुरुवारी आम्हीही तेच करणार होतो. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून धावत सुटलो, तेवढ्यात जाळे नीट करत बसलेला एक म्हातारा कोळी ओरडला, "पोरांनो, ओहोटी लागलीय. आत ओढून नेईल. जेवून या, मग बघू." आम्हाला राग आला होता. आमच्याकडे एकच दिवस होता आणि हा सांगतो, थांबा! तरी थांबलो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाल्याची बातमी आली, तेव्हा मला तो म्हातारा आठवला. रात्रभर झोप लागली नाही.

त्यानंतर ३ जून २०२० रोजी चक्रीवादळ आले. त्याचे नावच होते 'निसर्ग'. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला वर्षे जातात. ज्यांच्या अंगणात बसून आपण सोलकढी पितो, त्या वाडीवाल्यांसाठी निसर्ग म्हणजे सुट्टीचा देखावा नव्हे. त्यांचे घर त्यावर चालते.

चाकण, तळेगावच्या कारखान्यांतली तरुण मुले आजही सुट्टीच्या आदल्या रात्री गाडी काढतात. जरूर जावे. आठवडाभर यंत्राच्या तालावर चाललेल्या शरीराला समुद्र पाहण्याचा हक्क आहे. कधीकाळी एका नवाबासाठी राखलेले रान आज आपल्याला जवळजवळ फुकट मिळाले आहे. एवढेच करावे: पाण्यात शिरण्यापूर्वी कुणा कोळ्याला विचारावे, आणि तो थांबा म्हणाला तर थांबावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)