खानेसुमारीची कुळकथा

फारसीतून येऊन मराठीत कायमचे बिऱ्हाड केलेल्या शब्दांपैकी 'खानेसुमारी' हा एक असून, 'जनगणना' या संस्कृतोद्भव प्रतिस्पर्ध्याने त्यास सरकारी दप्तरातून बहुतेक हुसकावून लावले असले, तरी जुन्या माणसांच्या बोलण्यात तो अजून तग धरून आहे. 'खाना' म्हणजे घर आणि 'शुमार' म्हणजे मोजदाद. पहिल्या पदाचे गणगोत मोठे आहे: दवाखाना, कारखाना, जामदारखाना. दुसऱ्याची संतती मात्र मोठी मौजेची. गणनेपलीकडे गेले ते 'बेसुमार', बेताचे ते 'सुमार', आणि ज्या शब्दाने नेमका आकडा सांगावयाचा त्याच्याच पोटी 'सुमारे' जन्मास आला. यात मला भाषेचा खट्याळपणा कमी आणि कारकुनांचा अनुभव अधिक दिसतो.

जुन्या राजवटींनी माणसे सोडून घरे का मोजली, हे समजणे अवघड नाही. माणूस गाव सोडून जातो, परागंदा होतो. दार जागच्या जागी राहते, आणि घरपट्टीचा आकार त्या दारावरच बसवावयाचा असतो. पेशवे दप्तरात खानेसुमारीचे जे कागद आढळतात, त्यांत ज्ञानापेक्षा वसुलाची चिंता अधिक आहे. तथापि वसुलासाठी तयार केलेली यादीच पुढे इतिहासकाराला शहराचे चित्र काढून देते, हे त्या कारकुनांच्या ध्यानीमनीही नसेल. इंग्रजी अमलात गणना माणसांची होऊ लागली. मुंबई शहरात १८६४ साली ८,१६,५६२ माणसे मोजली गेली आणि १८७२ साली ६,४४,४०५. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसे गेली कोठे? अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा शहर फुगले होते. तो फुगा १८६५ मध्ये फुटला. आकडा वाचावयाचा तो त्या सालाच्या बाजारभावासह, हा नागरी आकडेशास्त्राचा पहिला धडा मुंबईने असा फार लवकर देऊन ठेवला आहे.

नाव जनगणना झाले तरी कामाचा आरंभ आजही खानेसुमारीनेच होतो. आधी घरयादी, मग माणसे. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना शहाडनंतर आंबिवली स्थानक लागते. तेथे उतरून मोहने, अटाळी, वडवली या बाजूंना हिंडले, म्हणजे हे काम किती नाजूक आहे याची कल्पना येते. प्रगणक हा बहुधा शाळामास्तर. त्याच्या वाट्याला साधारण सहा-सातशे वस्तीचा एक गट येतो आणि त्याने प्रथम त्या गटाचा 'नजरी नकाशा' काढावयाचा असतो. त्यात पक्क्या निवासी इमारतीस चौकोन, कच्चीस त्रिकोण, आणि जेथे कोणी राहत नाही अशा इमारतीच्या खुणेत तिरप्या रेघा. (नकाशा आणि नक्षी हे शब्दही सख्खे भाऊ, 'नक्श' हे त्यांचे मूळ.) पट्टीवाचून, केवळ नजरेने, एका कागदावर काढलेले हे चौकोन-त्रिकोण म्हणजे माझ्या मते आपल्याकडील नागरी माहितीच्या चित्रणाचा सर्वांत अस्सल नमुना होय, कारण तो काढणाऱ्याने प्रत्येक दार स्वतः पाहिलेले असते.

आता 'घर' कशास म्हणावे? ज्यास रस्त्यावरून, सामाईक अंगणातून वा जिन्यावरून स्वतंत्र मुख्य दार आहे ते जनगणनेचे घर, मग आत कोणी असो वा नसो; आणि एका सामाईक स्वयंपाकघरात जेवणारी माणसे ते कुटुंब. दार आणि चूल यांचा हा भेद आंबिवलीत कागदावरचा राहत नाही. येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना, लोकांच्या तोंडी नुसते 'एन. आर. सी.', २००९ साली बंद पडला. ज्या खोलीचा कामगार गावी निघून गेला तिचे दार यादीत येते, चूल येत नाही. आणि शेजारच्या चाळीत एका दारामागे दोन चुली पेटत असतात. नुसत्या दारांवरून पाण्याचा हिशेब करणाऱ्याचे गणित दोन्हीकडे चुकते.

आधी पाहणी, मग योजना, हा आग्रह नगररचनेत धरला तो पॅट्रिक गेडिस यांनी. निदानाआधी औषध देऊ नये, असे सांगणारा हा मूळचा जीवशास्त्रज्ञ १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचे खंड १९४५ व १९५२ साली निघाले. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने तर विकास योजनेपूर्वी विद्यमान जमीनवापराचा नकाशा करणे नियोजन प्राधिकरणावर बंधनकारकच केले.

आज नगररचना शिकणारा तरुण हे सारे संगणकावर, थरावर थर चढवून करतो: खाली गावनकाशाचे सर्व्हे नंबर, वर रस्ते, त्यावर प्रभाग, आणि सर्वांत वर गडद-फिकट रंगांत लोकसंख्या. चित्र इतके सुबक उमटते की त्यावर संशय घेणे असभ्यपणाचे वाटावे. तरीही तो घ्यावा. कल्याण-डोंबिवली महापालिकेचीच गोष्ट घ्या. २००१ साली तिची लोकसंख्या १२ लाखांच्या किंचित खाली, २०११ साली साडेबारा लाखांच्या आसपास. दहा वर्षांत वाढ पाच टक्क्यांच्याही आत. सकाळच्या कसारा लोकलच्या दारात एक दिवस उभा राहिलेला माणूस हा आकडा ऐकून हसेल! खुलासा साधा आहे. २००२ साली सत्तावीस गावे पालिकेच्या हद्दीतून वगळली गेली होती. माणसे होती तेथेच होती, शीव सरकली. तीच गावे २०१५ साली पुन्हा आत आली. त्याआधी, १९८३ साली पालिका स्थापन झाली तेव्हा अंबरनाथही तिच्यात होते, ते १९९२ साली वेगळे झाले. म्हणजे एकाच नावाखाली मोजलेली ही शहरे दर खेपेस निराळी आहेत, आणि त्यांचे आकडे एका रेषेने जोडणारा आलेख दिसावयास कितीही देखणा असला तरी खोटा आहे.

२०२१ ची गणना झालीच नाही. पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरला आहे. तिचे आकडे हाती येतील तेव्हा ते संगणकात भरणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढीच विनंती की नकाशाच्या कोपऱ्यात, उत्तर दिशेच्या बाणाखाली, हद्द कोणत्या सालची धरली तेही लिहावे.