डब्ल्यू म्हणजे विड्रॉवल नव्हे

सासऱ्यांनी कुर्ल्यात जन्मलेली १९६८ ची फियाट माझ्या हवाली केली, ती ‘जावईबापू, जपा हं!’ असा दम भरूनच. तेलाच्या डब्यावरचा डब्ल्यू वाचून बँकेतल्या माणसाला विड्रॉवलच आठवणार! पण तो विंटरचा. अमेरिकेतल्या एसएई या मोटार-इंजिनिअरांच्या संस्थेने १९११ साली तेलाच्या दाटपणाची प्रतवारी लावली. डब्ल्यू मागाहून आला. पुढे थंड-गरम दोन्ही सांभाळणारं तेल निघालं, म्हणून हल्ली आकडे दोन : पहिला थंडीतला, दुसरा तापलेल्या इंजिनातला. आकडा मोठा, तेल दाट. मी मात्र किंमत मोठी बघून ५डब्ल्यू-३० ओतलं! झिजलेल्या बेअरिंगांच्या फटींतून ते सुळकन निसटलं आणि ऑइलचा लाल दिवा लागला.

“साहेब, म्हातारीला पाणी काय पाजता? पेज द्या,” मेस्त्री म्हणाले.

२०डब्ल्यू-५० भरलं. दिवा विझला. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.