सरळ धाव आणि कावा : घोड नदीच्या खोऱ्यातील अश्वशिक्षणाचा विचार

आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द हे गाव मंचरजवळ, घोड नदीच्या खोऱ्यात वसले आहे. घोड पुढे भीमेस मिळते, आणि भीमेच्या थडीवरील घोडी मराठेशाहीत 'भीमथडी' या नावाने प्रसिद्ध होती. या प्रदेशाच्या इतिहासात घोड्यांची पैदास, शिलेदार व बारगीर यांची व्यवस्था आणि फौजांचे आकडे यांची चर्चा पुष्कळ होते. घोडा शिकविणाऱ्या चाबुकस्वाराची मात्र क्वचितच. वास्तविक पैदाशीने घोडा मिळतो. स्वारीचा घोडा शिक्षणानेच घडतो.

याचे स्पष्ट प्रमाण पाश्चात्य देशांतील एका प्रघातात आढळते. तेथे गाडीच्या शर्यतींतून निवृत्त झालेल्या घोड्यास 'ड्रेसाज', म्हणजे स्वाराच्या सूक्ष्म संकेतांनुसार चाली करणे, शिकविण्यात येते. गाडीच्या शर्यतीत ठरलेली चाल सोडून चौखूर धावणे हा दोष होय. तेथील घोडा लगामावर जोर देऊन वेग घेण्यास शिकतो. त्याच्या पाठीस माणसाचा भार ठाऊक नसतो. ड्रेसाजमध्ये मात्र संयत चौखूर चालच अपेक्षित असते, लगाम हलका हवा असतो, आणि भार मागील पायांवर तोलावा लागतो. म्हणून शिक्षकास प्रथम जुनी सवय मोडावी लागते. त्याचे मुख्य साधन वर्तुळ होय. लांब दोरीवर दोन्ही अंगांनी फिरविल्याने घोड्याचे शरीर लवचिक होते व तोल सुधारतो.

हा भेद भारतीय परंपरेस अपरिचित नव्हता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या अश्वाध्यक्ष प्रकरणात रथाच्या घोड्यांची मजल ६, ९ व १२ योजने, तर पाठीवर वाहणाऱ्यांची ५, साडेसात व १० योजने अशी निरनिराळी सांगितली आहे. स्वारीच्या घोड्याच्या चालींत 'वल्गन' ही वर्तुळातील गती, तर 'नारोष्ट्र' ही संकेतानुसार होणारी गती होय. वेग आणि आज्ञापालन ही दोन भिन्न शिक्षणे आहेत, ही जाणीव या वर्गीकरणात दिसते.

मराठीत वर्तुळातील या शिक्षणास 'कावा' हा शब्द आहे. घोड्यास कावा देणे म्हणजे त्यास गोल फिरविणे. शत्रूस हूल देऊन अकस्मात वळणाऱ्या स्वारास असाच घोडा हवा. 'गनिमी कावा' या पदाचा विचार करताना युद्धनीतीबरोबर घोड्याच्या या शिक्षणाचाही विचार होणे इष्ट आहे. १८१८ नंतर पेशव्यांच्या फौजा संपल्या, आणि अशा घोड्याची मागणी ओसरली.

जुन्नर-आंबेगावच्या बैलगाडा शर्यतींत घाटावर बैलांपुढे घोडी धावते. पाठीवर स्वार असूनही तिचे काम सरळ वेगाचे. अर्थात ती दोन्ही प्रकारांच्या सीमेवर उभी आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांस सशर्त अनुमती मिळाली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. या वादात बैलांविषयी पुष्कळ बोलले गेले. बैलांच्या गलबल्यापुढे न बिचकता धावण्यास घोडीला कोण व कसे शिकवितो, हे मात्र नोंदले जाणे अगत्याचे आहे. चाबुकस्वाराची विद्या हातांत असते. हात गेले की कागद ती परत देत नाही.